ज्या आजारांत कुणाला पैसा दिसत नाही

रेबीजची लस फ्रिजबाहेर किती दिवस टिकते? प्रश्न अगदी साधा आहे, कुणालाही सुचेल असा. पण त्याचं नीट मोजूनमापून दिलेलं उत्तर मिळायला कितीतरी वर्षं गेली, कारण ते शोधण्यात कुणाचाच फायदा नव्हता. बाटलीवर लिहिलेलं असतं २ ते ८ अंश सेल्सिअस, तिथं कंपनीचं काम संपतं, आणि जिथं चोवीस तास लाईट आहे तिथल्या डॉक्टरला त्याच्या पुढं जायची गरजच पडत नाही. गरज पडते ती जिथं लाईटचा भरवसा नाही तिथं, आणि नेमकी तिथंच रेबीजनं माणसं मरतात, जगभरात वर्षाला सुमारे ५९,००० असा अंदाज आहे, आणि त्यातली जवळपास सगळी कुत्रा चावल्यामुळं. कुत्र्यांपैकी साधारण ७० टक्के कुत्र्यांना लस टोचली तर साखळी तुटते हेही माहीत आहे. म्हणजे लस आहे, गणित आहे, फक्त लस त्या गावापर्यंत थंड पोचवायची कशी, इथं घोडं अडलेलं. मग २०१६ मध्ये एक अभ्यास आला की कुत्र्यांसाठी सर्रास वापरली जाणारी एक लस २५ अंशात सहा महिने आणि ३० अंशात तीन महिने ठेवली तरी तिचं काम फ्रिजमधल्या लसीइतकंच चोख होतं. ना नवा शोध, ना पेटंट, ना मोठी बातमी. पण याचा अर्थ असा की लस आधीच गावात नेऊन साध्या गारव्याच्या जागी ठेवता येते आणि गावातलाच शिकवून तयार केलेला माणूस वर्षभर जमेल तसं टोचू शकतो, शहरातून गाडी यायची वाट बघत बसायला नको.

मी ज्या प्रकारच्या संस्थेत काम करते तिथं दिवसभर असलेच प्रश्न असतात. प्राण्यांच्या आरोग्यावर संशोधन करणारी धर्मादाय संस्था. दवाखाना नाही, निवारा नाही, लोकांना वाटतं तशी मी दिवसभर पिल्लांना कुरवाळतही नसते. माझं काम फील्ड ट्रायल आणि सॅम्पलचं. कुठल्या कळपातून, किती जनावरांचं, कधी कधी रक्त घ्यायचं याचं वेळापत्रक, मालकांचे संमतीचे फॉर्म, कानातले बिल्ले, नळ्या, लेबलं, बर्फाच्या पेट्या, आणि मग सगळं आलं की उणे ८० अंशाच्या फ्रीझरमध्ये कुठल्या खणात काय ठेवलं त्याची नोंद. ऐकायला कारकुनी वाटेल. पण माझं ठाम मत आहे की संशोधन बुडतं ते इथंच, लेबलावर. मार्करनं लिहिलेलं नाव स्पिरिटचा थेंब पडला की पुसून जातं, आणि गोठ्यात स्पिरिट सगळीकडेच सांडलेलं असतं, म्हणून जुनी जाणती माणसं अजून शिसपेन्सिलीनं लिहितात. रक्त गोठून वर जे सिरम सुटतं ते गवती पिवळं दिसायला हवं, गुलाबीसर दिसलं की समजायचं रक्तपेशी फुटल्यात, म्हणजे सुई बारीक होती, नळी जोरात हलवली किंवा गाडीत हादरे बसले. एका नळीकडं बघून त्या दिवशी कळपात किती धावपळ झाली असेल याचा अंदाज येतो. मला हे काम मनापासून आवडतं, अगदी रोजचं, त्यातल्या कंटाळवाण्या भागासकट.

आता मुद्द्यावर येते. प्राण्यांच्या औषधांचं जग माणसांच्या औषधांसारखंच चालतं, फरक एवढाच की इथं पेशंट स्वतः पैसे देत नाही, त्याचा मालक देतो, आणि तो किती देईल हे जनावराच्या किमतीवर आणि मालकाच्या ऐपतीवर ठरतं. रेसच्या घोड्यावर आणि घरातल्या लाडक्या कुत्र्यावर खर्च करणारे आहेत, तर त्यांच्यासाठी औषधं निघतात, आणि निघावीत, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण आफ्रिकेतल्या त्सेत्से माशीमुळं गुराढोरांना होणारा ट्रायपॅनोसोमियासिस घ्या. गुरं खंगत जातात, अंगात रक्त राहत नाही, दूध आटतं, नांगराला जुंपायची ताकद उरत नाही. त्यावर आजही मुख्यतः जी औषधं दिली जातात ती १९५० आणि ६० च्या दशकातली आहेत. जंतू त्यांना दाद देईनासे होतायत तरी तीच, कारण नवीन औषध काढायला जो खर्च येतो तो चार गुरं असलेल्या माणसाकडून कधीच वसूल होणार नाही, आणि हे कुणा एका कंपनीचं पाप नाही, हिशोबच तसा आहे. मग त्या हिशोबाबाहेरून कुणीतरी पैसे घालायला लागतात, सरकार किंवा मोठे फंड किंवा आमच्यासारख्या संस्था. धर्मादाय शब्दाचा माझ्या लेखी अर्थ एवढाच आहे, जिथं हिशोब जुळत नाही तिथं जाणं.

कधीकधी तर औषध असतं, स्वस्त असतं, पेटंटही संपलेलं असतं, फक्त ते कुणाला बाधत नाही ना हे तपासायला कुणी नसतं. गिधाडांची गोष्ट बऱ्याच जणांना अर्धी माहीत आहे. गुरांना दुखण्यावर डायक्लोफेनॅक द्यायचे, ते जनावर मेलं की गिधाडं त्याचं मांस खायची आणि त्यांची किडनी निकामी व्हायची, हे २००४ मध्ये सिद्ध झालं, तोवर भारतातल्या पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी ९९ टक्क्यांहून जास्त गेली होती. अर्धी माहीत असं म्हणाले कारण पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. नुसती बंदी घालून काय होणार होतं? गाय लंगडतेय, कासेला सूज आलीय, तिला काहीतरी तर द्यायला हवं ना, नाहीतर शेतकरी माणसांचं डायक्लोफेनॅक आणून टोचणार. तेव्हा प्रश्न होता की याच्याऐवजी काय? मेलॉक्सिकॅम हे दुसरं वेदनाशामक गिधाडांना चालतं का हे तपासलं गेलं, अगदी टप्प्याटप्प्यानं, जपून, आधी धोक्यात नसलेल्या जातींवर आणि मग हळूहळू, आणि ते करणारे लोक पक्षीसंवर्धन संस्था आणि विद्यापीठांतले होते. जुनं स्वस्त औषध गिधाडाला देऊन बघण्यात कुठल्या कंपनीला काय रस असणार. २००६ मध्ये ते निकाल आले, त्याच वर्षी भारत, नेपाळ आणि पाकिस्ताननं जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. गाईच्या दुखण्यावर काम करणारा माणूस आणि गिधाडावर काम करणारा माणूस एका टेबलाशी बसले म्हणून हे जमलं, आणि असं टेबल मांडणारी जागा लागते, ती आपोआप तयार होत नाही.

दुखण्यावरून आठवलं, मेंढ्या. मेंढी दुखणं लपवते, कळपात अशक्त दिसणं म्हणजे शिकाऱ्याला आमंत्रण, हजारो वर्षं हे तिच्या अंगात मुरलंय. म्हणून कितीतरी काळ लोकांना वाटायचं की मेंढीला फारसं दुखतच नसावं. मग २०१६ मध्ये मेंढीच्या चेहऱ्यावरून वेदना मोजायची एक पट्टी प्रसिद्ध झाली. खुर सडलेल्या आणि कासदाह झालेल्या मेंढ्यांवर ती तपासलेली आहे. डोळे किती मिटलेत, गालाचे स्नायू ताणलेत का, कान कुठं वळलेत, ओठ आणि जबडा कसा दिसतोय, नाकपुड्यांचा आकार काय, प्रत्येकाला ०, १ किंवा २. बघणाऱ्याला सांगत नाहीत की कुठली मेंढी आजारी आणि कुठली धडधाकट, फोटो एकामागून एक येत राहतात आणि आपण आकडे टाकत राहायचं. पहिल्यांदा बसलं की सगळ्या मेंढ्या सारख्याच दिसतात, खरंच सांगते, काहीच कळत नाही. हळूहळू नाक दिसायला लागतं. निवांत मेंढीच्या नाकपुड्यांमधली रेघ उथळ वाटीसारखी गोल असते, दुखत असलं की तीच आवळून टोकदार होते. कान पुढचे मागं जातात. डोळ्याची फट अरुंद होते. आणि एकदा हे दिसायला लागलं की मग ते न दिसणं शक्यच नाही, रस्त्यानं कळप चालला तरी नजर आधी नाकावर जाते आणि मग पायांवर.

एवढं करून पुढं काय, तर मेंढ्यांसाठी म्हणून रीतसर परवाना मिळालेलं वेदनाशामक कित्येक देशांत नाहीच. गाईचं औषध पशुवैद्य स्वतःच्या जबाबदारीवर मेंढीला देतात. परवान्यासाठी मेंढीवर वेगळ्या चाचण्या करायच्या, दुधात-मांसात औषध किती दिवस राहतं ते दाखवायचं, त्याचा खर्च मेंढीच्या धंद्यातून निघत नाही. पुन्हा तोच हिशोब. मला याची चीड येते, दर वेळी येते, की दुखतंय हे आता आपल्याला आकड्यात दाखवता येतं आणि तरी गाडी तिथंच अडते.

प्राण्यांवरच्या प्रयोगांबद्दल लोक विचारतात आणि विचारायलाच हवं. १९५९ मध्ये रसेल आणि बर्च या दोघांनी तीन गोष्टी सांगितल्या होत्या, जमेल तिथं प्राण्याऐवजी दुसरा मार्ग काढा, संख्या कमी करा, आणि त्रास कमीत कमी होईल अशी पद्धत ठेवा. आज जवळपास सगळ्या नीतिसमित्या याच चौकटीत विचार करतात. आमच्यासारख्यांचं बरंचसं काम आधीच आजारी असलेल्या जनावरांवर मालकाच्या परवानगीनं होतं, पण सगळं नाही, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. यात एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते जी बाहेर कुणी बोलत नाही. संख्या कमी म्हणजे हवी तितकी कमी नव्हे. दहा जनावरं घेऊन केलेल्या अभ्यासातून काहीच निष्पन्न होणार नसेल आणि त्याला तीस लागणार असतील, तर दहा घेणं हा दयाळूपणा नाही, त्या दहांना दिलेला त्रास फुकट गेला. म्हणून संख्याशास्त्राचा माणूस पहिल्या मीटिंगपासून हवा, शेवटी आकडे टाकायला नको. आणि कुठल्या लक्षणाला थांबायचं, जनावर ट्रायलमधून काढून सरळ उपचार सुरू करायचे, हे आधी कागदावर ठरलेलं पाहिजे, गोठ्यात उभं राहून नाही, कारण तिथं प्रत्येकाला अजून एक दिवस बघू असं वाटत असतं. फील्डमध्ये लसीची ट्रायल असली की ज्या कळपांना सुरुवातीला लस दिलेली नसते त्यांना शेवटी द्यायचीच, ही अट मी कुठल्याही प्रोटोकॉलमध्ये आधी शोधते. ती नसेल तर पुढचं पान वाचायचीही इच्छा होत नाही.

पण कुणी मला विचारलं की या कामात सगळ्यात मोठं काय झालंय तर मी बुळकांडीचंच नाव घेणार. गुरांचा हा रोग किती भयंकर होता याची आता कुणाला कल्पना नाही. ताप, तोंडात फोड, मग हगवण, आणि आठवड्या-दोन आठवड्यांत जनावर खलास. १८९० च्या आसपास तो आफ्रिकेत पसरला तेव्हा कितीतरी भागांत ८० ते ९० टक्के गुरं मेली, इथिओपियात त्यापाठोपाठ आलेल्या दुष्काळात एक तृतीयांश माणसं गेली असावीत असा अंदाज आहे. वॉल्टर प्लॉराइट नावाच्या पशुवैद्यकानं केनियात मुगुगाच्या प्रयोगशाळेत पेशींवर वाढवलेली लस तयार केली, १९६० च्या सुमारास, एका टोचणीत जनावराला जन्मभर पुरणारी. मग खूप मोहिमा झाल्या, रोग मागं हटला, मोहिमा थांबल्या, रोग परत आला. शेवटचे कोपरे राहिले ते असे जिथं रस्ता नाही, लढाया चालू आहेत आणि बर्फ पोचतच नाही. १९९० च्या आसपास जेफ्री मरिनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीच लस अशा पद्धतीनं सुकवली की ती महिनाभर फ्रिजशिवाय टिकायला लागली. लस तीच बरं का, फक्त सुकवायची रीत बदलली. आणि ती टोचायला पशुपालकांमधलीच माणसं तयार केली, ज्यांना कळप कुठं चरायला गेलाय, कुठल्या पाणवठ्यावर कधी येणार हे तोंडपाठ होतं आणि आजाराची लक्षणं पदवीधरांपेक्षा लवकर ओळखता यायची. शेवटचा उद्रेक २००१ मध्ये केनियात रानम्हशींमध्ये दिसला. २०११ मध्ये रोग संपल्याचं जाहीर झालं. माणसाच्या देवीनंतर जगातून संपवलेला हा दुसराच आजार.

यातला मला सगळ्यात धाडसी वाटणारा भाग लस टोचण्याचा नाही, थांबवण्याचा आहे. लस दिलेल्या जनावराच्या रक्तात जी प्रतिद्रव्यं, म्हणजे अँटीबॉडी, दिसतात तीच रोग होऊन गेलेल्याच्या रक्तात दिसतात, दोन्हींत फरक करता येत नव्हता, म्हणून रोग खरंच गेलाय का हे बघायचं तर लस बंद करायची आणि त्यानंतर जन्मलेल्या वासरांचं रक्त तपासत राहायचं. विचार करा, पिढ्यान्‌पिढ्या ज्या रोगानं दावणी रिकाम्या केल्या त्याची लस हातात असताना आपणहून बंद करायची आणि वाट बघायची. तेव्हा विश्वास ठेवायला एकच गोष्ट होती, नळ्या आणि त्यांवरची लेबलं. कुणीतरी उन्हातान्हात हजारो वासरांचं रक्त घेतलं, नीट लिहिलं, नीट साठवलं, म्हणून जगाला सांगता आलं की आता खरंच नाही. रोग गेल्यावर प्रयोगशाळांमध्ये उरलेला विषाणूही मग नष्ट करत आणावा लागला, ब्रिटनमधल्या पिरब्राइट संस्थेनं आपल्याकडच्या साठ्याची जनुकीय नोंद करून २०१९ मध्ये तो नष्ट केला. या सगळ्याचा फोटो काय काढणार? न मेलेल्या गाईचा फोटो म्हणजे नुसती गाय.

आणि पैशाची अडचण नेमकी इथंच येते. देणाऱ्यांचं मन मोठं असतं, हे मी रोज बघते, कितीजण मृत्युपत्रात आमच्यासारख्या संस्थांसाठी काही ठेवून जातात, आपल्या मांजरीच्या किंवा घोड्याच्या नावानं. पण बहुतेक मोठा निधी ठरावीक कामासाठीच असतो, या आजारासाठी, या प्रकल्पासाठी, तीन वर्षांसाठी. फ्रीझरचं वीजबिल त्यात बसत नाही. रात्री अडीचला तापमान वाढल्याचा अलार्म वाजला तर उठून जाणाऱ्या माणसाचा पगार बसत नाही. प्रकल्प संपला की नळ्या उरतात, त्या कुणाच्या? दहा वर्षांनी नवीन टेस्ट निघते आणि मग सगळे धावत येतात, जुनं सिरम आहे का तुमच्याकडं, आणि असतं, कारण मधली सगळी वर्षं कुणीतरी पैशाच्या ओढाताणीत तो फ्रीझर चालू ठेवलेला असतो.

ब्रिटनमधला अ‍ॅनिमल हेल्थ ट्रस्ट १९४२ मध्ये सुरू झाला होता, पुढं न्यूमार्केटजवळ असायचा, कुत्र्या-घोड्यांच्या आजारांवर त्यांचं काम जगभर वापरलं गेलं, घोड्यांच्या फ्लूवर नजर ठेवणं, कुत्र्यांच्या आनुवंशिक आजारांच्या डीएनए टेस्ट. २०२० च्या जुलैअखेर पैशाअभावी तो बंद पडला. त्यांची जनुकशास्त्राची टीम पुढं केंब्रिज विद्यापीठात गेली, घोड्यांच्या साथींवर नजर ठेवण्याचं कामही तिकडं चालू राहिलं, ही फार मोठी गोष्ट आहे. पण ती बातमी वाचली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता. जवळजवळ ऐंशी वर्षांची संस्था. इमारत परत बांधता येते, कुठल्या भागातल्या तबेल्यात कुणाला फोन करायचा हे ज्याला माहीत आहे तो माणूस दुसरीकडं नोकरीला गेला की ते ज्ञान गेलं. म्हणून मी भेटेल त्या देणगीदाराला तोंडावर सांगते, शक्य असेल तर अट न घालता द्या. ऐकायला उद्धट वाटत असेल तर वाटू दे.

सध्या माझ्या टेबलावर पीपीआर आहे, शेळ्या-मेंढ्यांचा रोग, बुळकांडीच्या विषाणूचाच भाऊबंद. तो २०३० पर्यंत जगातून घालवायचा असं २०१५ मध्ये ठरलंय. लस चांगली आहे, एका टोचणीत निदान तीन वर्षं पुरते, विषाणूचा प्रकारही लसीच्या दृष्टीनं एकच. मग अडतंय कुठं? शेळ्या भराभर वितात आणि भराभर विकल्या जातात. गाईंचा कळप वर्षानुवर्षं तोच असतो, शेळ्यांचा नाही, यंदा सगळ्यांना टोचलं तरी पुढच्या वर्षी कळपात मोठा हिस्सा नव्या करडांचा. त्यात करडाला चिकातून आईची प्रतिद्रव्यं मिळालेली असतात, ती साधारण तीन-चार महिने टिकतात आणि तोवर लस नीट लागू पडत नाही. म्हणजे लवकर गेलात तर लस वाया, उशिरा गेलात तर करडू बाजारात गेलेलं किंवा रोगानं गेलेलं. मधे जी काही आठवडे फट उरते ती प्रत्येक भागात वेगळी, शेळ्या तिथं कधी वितात त्यावर. आणि ती ज्यांना माहीत असते त्या बहुतेक ठिकाणी शेळ्या सांभाळणाऱ्या बाया, ज्यांना मोहिमेची तारीख ठरवताना कुणी विचारत नाही.

त्यांच्याकडून वर्षभर विण्याच्या आणि विक्रीच्या नोंदी घ्यायच्या, सोबत करडांचं रक्त ठराविक वयाला तपासायचं आणि त्यावरून प्रत्येक भागाचा टोचायचा महिना काढायचा, असा एक प्रस्ताव सध्या आम्ही लिहितोय. नोंदी ठेवणाऱ्या बायांना त्या कामाचे पैसे मिळाले पाहिजेत ही ओळ त्यात आहे. आणि फ्रीझरचं वीजबिल यावेळी मी इतर खर्चात दडवलेलं नाही, प्रकल्प संपल्यावरच्या दहा वर्षांसकट सरळ वेगळ्या ओळीत लिहिलंय.